दाखवू नकोस म्हटलेली मिरची

नंदुरबार
१२ जानेवारी २०२५

हलीमा आपा,
सलाम.

तू म्हणालीस, बारावीला मराठीत नापास झालास तर आता पत्रं मराठीतच लिहायची, म्हणून लिहितोय. तिकडे डोंगरात तुझ्या शाळेला रेंज नाही ते एका अर्थी बरंच, नाही तर रोज फोनवर काळ विचारले असतेस. पत्र उदेसिंगच्या जीपमधून पाठवतोय. तो म्हणे, "मी भाजी नेतो, मी पोस्टमन नाही." त्याला एक बिडीचं बंडल दिलं. आता तो पोस्टमन आहे.

अम्मी बरी आहे. डॉक्टरने तिची मिरची बंद केलीय, छातीत जळतं म्हणून. मिरचीवाल्याच्या घरात मिरची बंद. ती रोज पांढरी भाजी करते आणि ताटाकडे बघून उसासा टाकते. आम्हीपण टाकतो.

आता मोठी बातमी. कोरियाची एक कंपनी इथे मिरचीची फॅक्टरी टाकणार का काय ते बघायला येतेय. चटणीसारखं काहीतरी बनवतात, डबे भरून जगभर विकतात. एक जागा तिकडे दक्षिणेत बघून झालीय, दुसरी आपली. बावीस तारखेला साहेब लोक अन्वर चाचांच्या पथारीवर येणार. पथारी तुला माहीत आहे, पण तूच म्हणतेस अनोळखी माणसालाही कळेल असं लिही. तर पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान, त्यावर लाल मिरची वाळत पसरलेली, आणि कडेला बायका देठ खुडत शिंकत बसलेल्या.

चाचांनी नवा सफारी शिवलाय. बॅनर छापलंय, त्यात चाचांचा फोटो मिरचीपेक्षा मोठा. त्यांचा कायदा तुला माहीतच आहे. पथारीवर माल आला की चाचा एक मिरची चावतात, डोळ्यात पाणी आलं तर सौदा, नाही तर पोतं परत. आता सगळ्यांना सांगत फिरतायत, "त्या साहेबाला असा रडवतो की विमानात बसेपर्यंत नाक पुसत राहील." सगळ्यात जहाल माल त्यांनी एका डब्यात कुलूप लावून ठेवलाय.

मला सांगितलंय, कोरियावाले हो म्हणाले तर तुला फॅक्टरीत चिकटवतो, नाही म्हणाले तर रमजानचा चांद दिसायच्या आत सुरत. तिकडे चाचांच्या साल्याची साड्या रंगवायची मिल आहे. मागच्या वर्षी आठ दिवस गेलो होतो. एका खोलीत अकरा जण, आणि आंघोळ केली की पाणी निळं. मला नाही जायचं, आपा. हे मी तुलाच सांगतोय. चाचांसमोर मी म्हटलं, जातो की, तिकडे पिक्चर बघायला मिळतात.

तुझा,
जुबेर

*

१७ जानेवारी २०२५

जुबेर,

पत्र मिळालं. दहापैकी साडेतीन. बातमी चांगली, ऱ्हस्व-दीर्घ सुट्टीवर. तुला बोलल्यासारखं लिहिता येतं एवढंच काय ते कौतुक. पानाच्या कडेला चाचांचं चित्र काढलंयस, त्याचा अर्धा मार्क कापला. नाक मात्र जमलंय.

इथे थंडी आहे. पोरं शाळेत येताना एकेक लाकूड आणतात, शेकोटी पेटते आणि मग पाढे होतात. काठी गावच्या होळीची तयारी आत्तापासून चाललीय. माझ्या वर्गातल्या होळ्याने विचारलं, "मॅडम, होळीला शाळा बंद का?" मी म्हटलं, तू येणारच नाहीस तर ती आपोआपच बंद.

अम्मीसाठी एक पोटली पाठवतेय. होळ्याच्या आईच्या शेतातली मिरची आहे. रंग शेंदरासारखा, पण तिखट नाहीच म्हण. पोरांच्या खिचडीत मूठभर टाकली तरी कोणी पाणी मागत नाही. अम्मीची भाजी लाल होईल आणि छाती जळणार नाही.

नीट वाच. ही मिरची मी विकत घेतलेली नाही. होळ्याच्या आईकडे मिरची आणि बी नव्या माणसाला विकत देत नाहीत, उसनं देतात. आणि ज्याने नेलं त्याने स्वतः येऊन, तिच्या चुलीपाशी बसून, जेवून परत करायचं. माणूस पाठवून चालत नाही. पूर्वी खालून एकजण आला, इथला आमचूर गोड बोलून घेऊन गेला, आणि पोत्यांवर दुसऱ्याच गावाचं नाव टाकून विकला. तेव्हापासून ही बाई जास्तच कडक झालीय.

म्हणून ही पोटली फक्त अम्मीच्या हातात दे. कोणाला दाखवू नकोस. पथारीवर तर अजिबात नेऊ नकोस. चाचांच्या त्या डब्याच्या आसपाससुद्धा ती जायला नको. कळलं?

हलीमा

*

नंदुरबार
२५ जानेवारी २०२५

आपा,

पोटली पोचली. अम्मी खूश. तो विषय संपला.

आता कोरियाचं ऐक. बेक साहेब म्हणून एक आले होते, बुटके, टोपीवाले, आणि त्यांच्यासोबत फोटो काढणारा एकजण. दुभाषी कोण असेल? आपल्या नवापूरची लिडिया. सिरियली बघून बघून कोरियन शिकली, मग पुण्याला जाऊन कोर्स केला. बेक साहेब वाकून नमस्कार करतात. ते वाकले म्हणून चाचा वाकले. चाचा वाकले म्हणून ते परत वाकले. असं बराच वेळ चाललं. देठ खुडणाऱ्या बायकांची मुकादम तापीबाई मला म्हणे, "हाऊ मानूस उठी ऱ्हायना का बशी ऱ्हायना?"

मग चाचांनी भाषण केलं. "साहेब, आमच्याकडे डोळ्यात पाणी नाही तर सौदा नाही." लिडियाने ते कोरियनमध्ये सांगितलं. साहेब जरा घाबरल्यासारखे दिसले. चाचांनी ताटलीत मिरच्या पुढे केल्या आणि दुसऱ्या हातात ताकाचा ग्लास धरून उभे राहिले, ऑपरेशनच्या वेळी नर्स राहते तसे.

आता तू ओरडू नकोस. ताटलीतला माल मी बदलला होता. चाचांच्या डब्याची किल्ली गल्ल्याखाली असते. मी बाजारातली कुठलीतरी फिकी मिरची ठेवून दिली. मला माहीत होतं की साहेब रडले नाहीत तर माझंच सुरतचं तिकीट निघतं. पण एवढं मोठं बॅनर आणि एवढं मोठं नाक बघून हात थांबेना.

बेक साहेबांनी एक चावली. तापीबाईने शिंक दाबली. साहेब चघळतायत. चाचा ग्लास घेऊन एक पाऊल पुढे. साहेबांनी दुसरी चावली. मग तिसरी. मग ताटलीतली एक पांढऱ्या रुमालावर घासली, रुमाल लाल झाला, तो फोटोवाल्याला दाखवला आणि दोघं काहीतरी कुजबुजले. उरलेल्या सगळ्या रुमालात बांधून खिशात.

तापीबाई म्हणे, "दादा, त्यानी जीभ लाकडानी शे."

चाचांनी ताक स्वतःच प्यायलं. साहेब गेल्यावर रिकामी ताटली उलटीपालटी करून बघत बसले. "तीस वर्षात मन्ही मिरची कधी फिकी पडनी नही," असं म्हणाले. चाचा अहिराणीत आले म्हणजे खूप लागलंय असं समज. मला खरं तर हसायचं होतं, पण हसू आलं नाही. रात्री जेवताना म्हणाले, बॅग भर.

एक चांगलं झालं. लिडियाने जाताना विचारलं, "तू हलीमाचा भाऊ ना?" आणि माझ्याकडे बघून हसली. ताटलीकडे बघून परत माझ्याकडे बघून हसली. मी काही दिसायला वाईट नाही, आपा. सुरतला जायच्या आधी एक नवा शर्ट घ्यावा म्हणतो.

जुबेर

*

२ फेब्रुवारी २०२५

जुबेर,

मार्क नंतर.

काल उदेसिंगच्या जीपमधून माझ्यासाठी मिठाईचा डबा आला. अन्वर चाचांकडून. मी इथे आल्याला तीन वर्षं झाली, चाचांनी एकदा विचारलं नाही की डोंगरात काय खातेस, कुठे झोपतेस. आणि आता डब्यासोबत चिठ्ठी. "बेटी, तब्येत जप. तुझ्या तिकडे जमीन कशी आहे? पाऊस कसा? मिरची वगैरे कोण लावतं? नाव काय त्यांचं?"

माझ्या तब्येतीला आणि मिरचीला चाचांनी एकाच चिठ्ठीत बसवलं, तेव्हाच मला कळलं.

आता मी विचारते, तू उत्तर दे. तू लिहिलंस, "पोटली पोचली, अम्मी खूश, तो विषय संपला." तू एखादा विषय एका ओळीत संपवलास असं मी जन्मात पाहिलेलं नाही. साधी काडेपेटी आणायला गेलास तरी येऊन अर्धा तास सांगतोस. पोटली कुठे आहे?

होळ्याच्या आईने आज मला पाणी भरताना विचारलं, "तुझ्या आईला मिरची आवडली का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायला मला आवडत नाही, आणि तिच्याशी तर नाहीच. तिने ती मिरची माझ्या तोंडाकडे बघून दिली होती.

मिठाई पोरांना वाटली. होळ्या म्हणाला, तुमचे चाचा चांगले आहेत. मी त्याला पाढा म्हणायला लावलं.

हलीमा

*

नंदुरबार
७ फेब्रुवारी २०२५

आपा,

पोटली बेक साहेबांच्या पोटात आहे. थोडी रुमालात.

लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. पुढचं ऐक, ते याच्यापेक्षा वाईट आहे.

तीस तारखेला लिडियाचा चाचांना फोन आला. साहेबांना तीच मिरची पाहिजे. ते लोक म्हणे जेवणात मिरची चिमटीने नाही, वाटीने टाकतात. रंग पाहिजे, जाळ नको. दक्षिणेत त्यांना प्रत्येकाने रडवूनच पाठवलं होतं. आपल्याकडे पहिल्यांदा कोणीतरी न रडवता पाठवलं. आता त्यांना ती मिरची झाडावर लागलेली बघायचीय, एकोणीस तारखेला.

चाचांनी फोनवर काय सांगितलं? "अपना ही खेत है, इधर कोरीट में."

फोन ठेवला आणि मग विचार करत बसले की आपल्या कोरीटच्या शेतात हे कधी पिकलं. तेवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला, "जुबेर, माझी आपाने पाठवलेली पोटली कुठे ठेवलीस रे?" चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. मारलं नाही. उलट खांद्यावर हात ठेवला, त्याची मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "शहाणा आहेस. आता वर जा, ती सगळी मिरची उचलून आण. बीपण. म्हातारी मागेल तो भाव दे. आणली तर तू फॅक्टरीत. नाही आणलीस तर सुरत, चांद दिसायच्याही आधी."

मी म्हटलं, "पण चाचा, साहेबांना सांगू ना की ती वरची मिरची आहे." ते म्हणाले, "वर कोण जातं? तिथे रस्ता नाही, रेंज नाही. त्यांना मिरचीशी मतलब, गावाशी नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ती लोकं कधी खाली येऊन बघणार आहेत पोत्यावर काय लिहिलंय?"

तू लिहिलेला तो आमचूरवाला मला आठवला. हे मी तुला मस्का लावायला लिहीत नाहीये.

बुधवारी उदेसिंगच्या जीपमध्ये बसून येतोय. रिकामी पोती घेऊन. तू मला दारातून आत घेशील ना?

जुबेर

*

१४ फेब्रुवारी २०२५

जुबेर,

तू गेलास आणि उदेसिंगची जीप वळणाआड जाईपर्यंत होळ्याची आई दारात उभी होती. मग मला म्हणाली, "पोरगा खोडकर आहे, पण नजर खाली घालून बसला." मी म्हटलं, तो नजर खाली घालून बसतो तेव्हा तुझ्या कोंबडीचं काहीतरी करायच्या विचारात असतो.

तू समोर होतास, तरी पुन्हा लिहिते, कारण चाचांना सांगताना तू शब्द फिरवशील. ती म्हणाली, "विकत नाही. ज्याला पाहिजे त्याने यावं. ज्याने खाल्ली त्यानेही यावं." तू रिकामी पोती घेऊन गेलास. मला वाईट वाटलं. ती पोती उशाखाली घेऊन ओट्यावर झोपलास तेव्हा तू अगदी लहान दिसत होतास.

आता चाचा दुसरा काहीतरी रस्ता काढतील. माझी काळजी सुरतची नाही, जुबेर. म्हणजे तीही आहे. पण एकदा का त्या साहेबांच्या कागदावर कोरीट लिहिलं गेलं, की या बाईच्या मिरचीचं नाव कोणीही पुसणार नाही आणि कोणीही लिहिणार नाही. मी इथून काही करू शकत नाही. एकोणीस तारखेला मला पाढे घ्यायचेत.

तू काहीही करू नकोस असंही आता मी म्हणत नाही.

हलीमा

*

नंदुरबार
२१ फेब्रुवारी २०२५

आपा,

तू सगळे वर आलेले बघितलेस. पण ते वर का आले, हे तुला माहीत नाही. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून मला कोरीटच्या शेतातच सोडून गेले. म्हणून हे पत्र.

मी रिकामी पोती घेऊन आलो तेव्हा चाचा चिडले नाहीत, कामाला लागले. कोरीटच्या शेतात झाडं उभी आहेत, पण तोडा होऊन गेलेला, लाल काही उरलं नव्हतं. म्हणाले, "बाजारातून सगळ्यात फिकी ओली लाल मिरची आण आणि झाडांना बांध. दोऱ्याने. पुढच्या चार ओळींना पुरे."

आपा, लग्नात मांडवाला फुलं बांधतात तशी मी झाडांना मिरची बांधली. आख्खी रात्र. फिकी मिरची बाजारात नव्हती असं नाही. पण ती शोधायला वेळ गेला असता, आणि चाचांच्या पथारीवर त्यांचा तो जहाल माल ओला येऊन पडलेलाच होता. दोरा घरात होता तो संक्रांतीचा उरलेला मांजा. गुलाबी.

सकाळी ऊन वर आलं आणि चारी ओळी गुलाबी चमकायला लागल्या. चाचा नवा सफारी घालून आले, लांबून बघितलं आणि म्हणाले, "माशाल्ला, काय रंग." चष्मा घरी राहिला होता.

साहेब आले. वाकणं झालं. तापीबाई यावेळी मोजत बसली होती, कोण जास्त वेळा वाकतो. साहेबांनी ओळीत शिरून एका मिरचीला हात घातला, तेवढ्यात चाचा पुढे. त्यांना वाटलं, साहेबांनी आधी चावली आणि नेमकी एखादी तिखट निघाली तर? आपणच चावून दाखवावी, की बघा, काही तिखट नाही. तोडली, आख्खी तोंडात टाकली, चावली, आणि साहेबांकडे बघून हसले.

ते हसू तोंडावरच राहिलं, आपा. बाकी सगळं बदललं. आधी कान लाल झाले. मग टक्कल. मग दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या, आणि चाचा हसतायतच, कारण हसणं थांबवलं तर ओरडावं लागलं असतं. साहेबांनी काळजीने काहीतरी विचारलं. लिडिया आमच्याकडे न बघता त्यांना कोरियनमध्ये बोलली. नंतर मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणे, "सांगितलं की ते आपल्या पिकावर फार प्रेम करतात."

तापीबाई ताक शोधत होती. "आते कोन रडना?" असं स्वतःशीच म्हणत होती.

तेवढ्यात बेक साहेबांनी एक मिरची ओढली. ती आली, तिच्यामागे मांजा आला, त्याच्यामागे दुसरी मिरची, तिसरी, चौथी. साहेब ओढतायत आणि ओळीतली सगळी मिरची झाडं सोडून त्यांच्याकडे निघालीय. फोटोवाला फोटो काढायचं विसरला. साहेबांनी मांजा बोटाला गुंडाळून उन्हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना पण तोच गुलाबी रंग होता.

लिडिया म्हणे, "खरं शेत कुठेय?"

चाचा बोलू शकत नव्हते. त्यांचं तोंड उघडं होतं, आत हवा घेत होते, हाताने नको नको करत होते. लिडियाने साहेबांना सांगितलं असावं की ते हात दाखवून रस्ता सांगतायत. मी डोंगराकडे बोट केलं. म्हटलं, "तठे वर. एका बाईचं शेत आहे. ज्याने खाल्ली त्याने यावं असं तिने सांगितलंय."

ते लिडियाने सांगितलं तेव्हा बेक साहेबांनी टोपी काढली. खिशातून तो रुमाल काढला, अजून त्यात दोन शिल्लक होत्या. आणि बांधाजवळ भाजी भरून उभ्या असलेल्या उदेसिंगच्या जीपकडे चालायला लागले, कोबी बाजूला करून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. चाचा ताकाचा ग्लास घेऊन मागे धावले.

त्यानंतर काय झालं? चाचा परवा रात्री आले, काही बोलले नाहीत. आज सकाळी माझी बॅग कपाटावरून खाली काढून दारात ठेवली. आठ दिवसांवर चांद आलाय. जो काही निकाल असेल तो लवकर लिही. मी नवा शर्ट घेतला नाही.

जुबेर

*

२६ फेब्रुवारी २०२५

जुबेर,

आधी निकाल, मग बाकीचं.

जीप आली तेव्हा मी सातचा पाढा घेत होते. चाचा उतरले, तोंड सुजलेलं, सफारीला कोबीचं पान. होळ्याच्या आईने त्यांच्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "हाच का तो, ज्याला पाहिजे होती?" चाचा मान खाली घालून उभे राहिले. तिने सगळ्यांना चुलीपाशी बसवलं. भाकरी, उडदाची डाळ, आणि वर तीच मिरची कुटून. बेक साहेबांना मांडी घालता येत होती, चाचांना येत नव्हती. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि शेत बघायला गेले. झाडाला हात लावून उगाचच एक मिरची ओढून बघितली, मागे मांजा येतो का म्हणून. आली नाही तेव्हा हसले.

ठरलं ते असं. फॅक्टरी होणार का नाही ते लगेच सांगता येत नाही, एक हंगाम बघणार. या हंगामात पाड्यावरची माणसं ही मिरची लावतील. वाळवायची चाचांच्या पथारीवर, देठ तापीबाईच्या बायका खुडतील. पोत्यावर नाव या पाड्याचं. हे नाव साहेबांनी होळ्याकडून पाटीवर लिहून घेतलं, फोटो काढला. होळ्याने एक काना कमी दिला होता, तो मी दिला.

चाचा जाताना होळ्याच्या आईला म्हणाले, "चूक झाली." बस, एवढंच. त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकायला मी तेवढा डोंगर रोज चढले असते.

मग ती म्हणाली, "पहिली पोटली कोणी नेली? ती अजून परत आलेली नाही." मी तुझं नाव सांगितलं. तिने चाचांना बजावलं, ज्याने उसनं नेलं त्याने फेडेपर्यंत मुलूख सोडायचा नाही. साहेबांसमोर चाचांना मान हलवावी लागली. लिडियाने तेही भाषांतर करून सांगितलं, म्हणजे आता कोरियालाही माहीत आहे. दारात बॅग ठेवलीय ती सुरतसाठी नसेल. तुला विचार करायची सवय नाही म्हणून सांगते, जरा उघडून बघ.

आता बाकीचं.

लिडिया माझी डी.एड.ची मैत्रीण. दिवाळीला भेटली तेव्हाच म्हणाली होती, या कोरियावाल्यांना रंग पाहिजे, जाळ नको, पण व्यापारी ऐकत नाहीत, प्रत्येकजण रडवायलाच बसलाय. मी चाचांना सांगितलं असतं की ही फिकी मिरची ताटलीत ठेवा, तर त्यांनी ती गुरांना घातली असती. होळ्याच्या आईला मी सगळं आधी सांगितलं होतं; पाणी भरतानाचा तो प्रश्न तुझ्याकडून खरं काढायला मीच बनवला होता. ती म्हणाली, "पाठव, पण पाहिजे असेल त्याने वर आलं पाहिजे." प्रश्न एवढाच होता की ताटलीत ठेवायची कोणी.

तू चार वर्षांचा असताना अम्मीने सांगितलं, जुबेर, त्या रांजणात हात घालू नकोस. तेव्हापासून तुझा स्वभाव मला पाठ आहे. मी पत्रात तुला तीन गोष्टी करू नकोस म्हटलं होतं. कोणाला दाखवू नकोस, पथारीवर नेऊ नकोस, डब्याजवळ जाऊ नकोस. तिन्ही तू केल्यास, एकही न चुकता. लिडिया तुझ्याकडे बघून हसली ती म्हणूनच. तोंडाचा काही संबंध नाही.

चाचांचं कोरीट मात्र माझ्या हिशोबात नव्हतं. तिथे मी घाबरले होते. तिथे तू तुझ्या डोक्याने केलंस, गुलाबी मांज्यासकट.

पाकिटात चिमूटभर बी आहे. होळ्याच्या आईने दिलंय, तुझ्या नावाने. उसनं. कोरीटच्या त्या चार ओळींत लाव. पीक आलं की स्वतः घेऊन ये, जेवून जा.

दहापैकी सात. मांज्याचं वर्णन चांगलं होतं. मला इथे पाट्या तपासता तपासता हसू आलं, पोरांना वाटलं मॅडमला बरं नाही.

हलीमा

*

नंदुरबार
३ मार्च २०२५

आपा,

बॅगेत कोरीटच्या शेताची किल्ली होती, म्हणजे तिथल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची, आणि चाचांचा जुना सफारी. म्हणे शेतात घालायला. त्यांच्या नाकाएवढाच मोठा आहे, मला त्यात दोनदा बसता येईल.

काल पहिला रोजा घरी सोडला. अम्मीने लाल भाजी केली होती. सगळ्यांनी खाल्ली, कोणी रडलं नाही. चाचांनी दोनदा घेतली आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, मिरची अशी पाहिजे." मी पंख्याकडे बघितलं.

बी अजून कागदातच आहे. तापीबाई म्हणे रोप टाकायला वेळ आहे. रोज उघडून बघतो, आहे का म्हणून. एवढंसं बी, आणि त्याच्यासाठी मी पुढच्या हंगामापर्यंत कुठे जाऊ शकत नाही. सुरतपेक्षा हे जास्त घट्ट बांधलंय.

तू मला असं फसवलंस याचा मला राग आला होता. जरा वेळाने गेला. मग मी विचार केला की ही युक्ती चांगली आहे, वाया जायला नको.

म्हणून एक कर. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म निघणार आहे. पुढच्या पत्रात मला लिही, "जुबेर, मराठीच्या पेपरला अजिबात बसू नकोस." जरा रागावून लिही.

जुबेर